हवामान बदलावर बोलताना ऐकणाऱ्याची उमेद कशी टिकवायची: तयारीपासून पाठपुराव्यापर्यंत

हवामान बदलावरची बहुतेक भाषणं एकाच साच्यातली असतात. सुरुवातीची पंधरा-सोळा मिनिटं वितळणाऱ्या हिमनद्या, पेटलेली जंगलं आणि वर चढत जाणारे आलेख. मग शेवटच्या दोन मिनिटांत "अजून वेळ गेलेली नाही, प्रत्येकाने आपला वाटा उचलायला हवा" आणि आभार. टाळ्या पडतात, लोक उठतात, आणि दुसऱ्या दिवशी कुणीच काही वेगळं करत नाही.

बोलणाऱ्याची तळमळ खरी असते, चुकतो तो क्रम. आशेचा भाग शेवटी चिकटवला जातो, तर आखणीच तिथून सुरू व्हायला हवी. ऐकणाऱ्याच्या मनात तीन प्रश्न असतात: मी नेमकं काय करू, मला ते जमेल का, आणि त्याने काही फरक पडेल का. आशेचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्नायडर यांची मांडणीही याच्या जवळची आहे. गाठायचं ध्येय, तिथवर नेणारे मार्ग आणि त्या मार्गाने आपण जाऊ शकतो हा विश्वास, या तिन्हींतून आशा तयार होते. यातलं एक जरी राहिलं तर ऐकणाऱ्याकडे फक्त काळजी उरते.

पुढचे टप्पे वीस मिनिटांचं भाषण गृहीत धरून लिहिले आहेत. वर्गात, बैठकीत किंवा लेखात बोलायचं असेल तरी क्रम हाच ठेवा.

## टप्पा १: मागणी आधी ठरवा

स्लाइड उघडण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि हे वाक्य पूर्ण करा: "माझं बोलणं ऐकल्यावर हे लोक अमुक तारखेपर्यंत अमुक एक गोष्ट करतील." वाक्य पूर्ण होत नसेल तर भाषणाची तयारी अजून सुरूच झालेली नाही असं समजा.

मागणी "करा" या शब्दावर संपली पाहिजे, आणि ते काम झालं की नाही हे तिसऱ्या माणसाला बघता आलं पाहिजे. "जागरूक व्हा", "पर्यावरण जपा", "विचार करा" या मागण्या झाल्या की नाही ते कुणालाच कळत नाही. याउलट "इमारतीच्या पुढच्या सभेत छतावर सौर पॅनेल बसवण्याच्या खर्चाची तीन अंदाजपत्रकं मागवण्याचा ठराव मांडा" ही मागणी झाली. "उन्हाळ्यात मैदानावरचे तास सकाळी घ्यावेत असं पत्र शाळेच्या व्यवस्थापनाला या महिन्यात द्या" हीसुद्धा.

मागणीचं वजनही तपासा. तासभर पृथ्वीच्या तापमानाबद्दल बोलून शेवटी "प्लास्टिकची नळी वापरू नका" असं सांगितलं, तर ऐकणाऱ्याला संकट आणि उपाय यांच्यातली दरी लगेच दिसते आणि विश्वास उडतो. प्लास्टिकचा कचरा हा गंभीर प्रश्न आहेच, पण तो बऱ्याच अंशी वेगळा प्रश्न आहे. हवामानाच्या बाबतीत वजन असलेल्या गोष्टी म्हणजे वीज कशापासून बनते, आपण प्रवास कशाने करतो, घरं आणि कार्यालयं गरम किंवा थंड कशी ठेवतो, अन्न कसं पिकवतो आणि किती वाया घालवतो, आणि या सगळ्याचे नियम कोण ठरवतं. मागणी यांपैकी कुठल्या तरी एकाशी जोडलेली असू द्या.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. "सरकारला धोरण बदलायला लावा" ही मागणी वजनदार आहे, पण ऐकणाऱ्याच्या हातात तिचं टोकच येत नाही. मोठ्या कामाचा असा तुकडा शोधा, जो समोरच्या दहा-वीस जणांना मिळून उचलता येईल. मिळून करायचं काम मागणं केव्हाही चांगलं, कारण माणूस एकटा पडला की पहिल्या अडचणीला थांबतो.

तपासा: तुमचं भाषण न ऐकलेल्या एखाद्याला ही मागणी फोनवर एका वाक्यात सांगा. त्याने "म्हणजे नक्की काय करायचं?" असं विचारलं तर वाक्य पुन्हा लिहा.

## टप्पा २: समोर कोण बसणार आहे ते विचारून घ्या

"हवामान बदल मानणारे" आणि "न मानणारे" अशी वाटणी करत बसू नका, तिचा उपयोग फार थोडा. त्याऐवजी दोन गोष्टी शोधा: या लोकांना कशाची चिंता आहे, आणि कुठला निर्णय त्यांच्या हातात आहे. कार्यक्रमाच्या काही दिवस आधी येणाऱ्यांपैकी तीन-चार जणांशी बोला. "गेल्या काही वर्षांत हवेमुळे, पावसामुळे, उन्हामुळे तुमचं काय बदललं?" आणि "त्याबद्दल तुम्ही काही करून पाहिलंत का?" एवढे दोन प्रश्न पुरतात. दुसऱ्याचं उत्तर नीट लिहून ठेवा, भाषणात ते सोन्यासारखं उपयोगी पडतं.

तरुण श्रोते असतील तर जास्त जपून. २०२१ मध्ये दहा देशांतल्या १६ ते २५ वयोगटातल्या दहा हजार जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यातले ५९ टक्के हवामान बदलाबद्दल खूप किंवा अतिशय चिंतित होते, आणि या चिंतेचा रोजच्या जगण्यावर परिणाम होतो असं ४५ टक्क्यांहून अधिक जणांनी सांगितलं. अशा खोलीत आणखी घाबरवणं निष्ठुरपणाचं आहे. त्यांना संकटाचा आकार माहीत आहे, त्यांना हवी आहे जागा आणि काम.

पूर, दुष्काळ किंवा वादळ सोसलेल्या लोकांपुढे बोलणार असाल तर त्यांचंच नुकसान त्यांना समजावून सांगू नका. आधी त्यांना बोलू द्या. आणि निर्णय घेणाऱ्यांपुढे, म्हणजे व्यवस्थापन, समिती किंवा लोकप्रतिनिधींपुढे, खर्च, जोखीम आणि जबाबदारी कुणाची या भाषेत बोला. त्यांना हेलावून टाकण्यापेक्षा त्यांच्या पुढ्यात सही करता येईल असा कागद ठेवणं जास्त कामाचं.

## टप्पा ३: माहिती तीन ढिगांत लावा

पहिला ढीग संकटाचा, दुसरा जमलेल्या कामांचा, तिसरा उरलेल्या कामाचा. पहिल्यातून दोनच गोष्टी घ्यायच्या, दुसऱ्यातून दोन किंवा तीन, तिसऱ्यातून एक. बहुतेकांचा पहिला ढीग डोंगराएवढा असतो आणि दुसरा रिकामा. दुसरा भरायला वेळ द्या.

पहिला ढीग. आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरील आंतरशासकीय समिती, हिच्या सहाव्या अहवालानुसार २०११–२०२० या दशकात पृथ्वीचं सरासरी तापमान १८५०–१९०० च्या तुलनेत १.१ अंश सेल्सिअसने वाढलेलं होतं, आणि ही वाढ माणसाच्या कृतींमुळे झाली यात शंका उरलेली नाही. हे सरळ सांगा, सौम्य करू नका. संकट लहान करून सांगितलं की आशा वाढते हा गैरसमज आहे. खोटा दिलासा पहिल्या मोठ्या पुरात वाहून जातो आणि सोबत तुमचा शब्दही जातो.

दुसरा ढीग. इथे नुसतं "बदल होतोय" पुरत नाही, काम कसं घडलं ते हवं. प्रत्येक उदाहरणासाठी चार प्रश्नांची उत्तरं लिहा: अडचण काय होती, कुणी काय केलं, परिणाम किती झाला, काय अजून राहिलं. नमुना म्हणून अहमदाबाद घ्या. मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत तिथे नेहमीपेक्षा १,३०० हून अधिक मृत्यू जास्त झाले. २०१३ मध्ये शहराने उष्णता कृती आराखडा तयार केला. तापमानाच्या अंदाजानुसार रंगांचे इशारे, आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, पाणी आणि सावलीच्या जागा, आणि कुठल्या इशाऱ्याला कुठल्या विभागाने काय करायचं याची आधीच ठरलेली वाटणी. पुढच्या काळात वर्षाला सरासरी हजारावर मृत्यू टळले, असा अंदाज नंतरच्या अभ्यासात मांडला गेला. राहिलं ते हे की आराखडा माणसं वाचवतो, ऊन कमी करत नाही. त्यासाठी उत्सर्जनच घटवावं लागेल.

चौथं उत्तर गाळायचा मोह होतो. गाळू नका. "हे अजून बाकी आहे" असं तुम्ही स्वतःहून सांगता तेव्हाच आधीची तीन उत्तरं खरी वाटतात.

आणखी काही भक्कम उदाहरणं: ब्रिटनमध्ये २०१२ साली जवळपास ४० टक्के वीज कोळशापासून यायची, आणि ३० सप्टेंबर २०२४ ला तिथलं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र बंद झालं (नैसर्गिक वायूवरचं अवलंबित्व मात्र उरलंय). २०१० ते २०१९ या काळात सौरऊर्जेचा खर्च सुमारे ८५ टक्क्यांनी आणि पवनऊर्जेचा सुमारे ५५ टक्क्यांनी उतरला. बांगलादेशात १९७० च्या चक्रीवादळाने किमान तीन लाख बळी घेतले होते. २००७ च्या सिद्र वादळात मृतांचा आकडा सुमारे ३,४०० होता. मधल्या काळात पूर्वसूचना, निवारे आणि घरोघरी जाऊन सांगणारे हजारो स्वयंसेवक उभे राहिले होते.

तिसरा ढीग. कार्बन डायऑक्साइडचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आलं, म्हणजे हवेत जितका सोडला तितकाच काढून घेतला गेला, की तापमानवाढ जवळपास तिथेच थांबते, असा आयपीसीसीचा निष्कर्ष आहे. समुद्राची पातळी पुढेही वाढत राहील, पण तापमान आपोआप चढत जाणार नाही. हे बहुतेकांना ठाऊकच नसतं, आणि "आता काहीही केलं तरी उपयोग नाही" या समजुतीला याहून थेट उत्तर माझ्या माहितीत नाही.

सावधान, दोन नेहमीच्या चुका. पहिली, "आपल्याकडे फक्त इतकीच वर्षं उरली आहेत" असं म्हणणं. २०१८ च्या आयपीसीसी अहवालात तापमानवाढ दीड अंशावर रोखायची तर कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन २०३० पर्यंत २०१० च्या तुलनेत सुमारे ४५ टक्क्यांनी घटायला हवं असं म्हटलं होतं. त्याचं जगभर "बारा वर्षं उरली" झालं. मुदत संपली की ऐकणारा एक तर तुम्हाला खोटं ठरवतो, नाहीतर सगळं संपलं असं मानतो. त्याऐवजी प्रत्येक दशांश अंशाचं मोल सांगा: दर पाच वर्षांत किमान एकदा तीव्र उष्णतेची लाट सोसावी लागेल अशी लोकसंख्या दीड अंशाला सुमारे १४ टक्के, तर दोन अंशांना सुमारे ३७ टक्के असा अंदाज आहे. दीड हुकलं तरी १.६ साठी झगडणं १.७ पेक्षा चांगलंच.

दुसरी चूक ओझोनची. ओझोनचा थर विरवणारी रसायनं बंद करण्यासाठी झालेला माँट्रिअल करार (१९८७) हे देश एकत्र येऊन काय करू शकतात याचं उत्तम उदाहरण आहे. पण ओझोनला पडलेलं छिद्र हे तापमानवाढीचं कारण नाही. उदाहरण द्या, दोन्ही प्रश्नांची गल्लत करू नका.

## टप्पा ४: वीस मिनिटांची मांडणी

पहिली तीन मिनिटं त्यांच्या अनुभवाची. टप्पा २ मध्ये ऐकलेलं, सांगणाऱ्याची परवानगी घेऊन. आकडे अजून नकोत.

पुढची चार मिनिटं संकटाची. पहिल्या ढिगातल्या दोनच गोष्टी. एक आलेख पुरे, आणि तो दाखवताना आडव्या-उभ्या अक्षावर काय आहे ते तोंडाने सांगा.

त्यानंतरची सात मिनिटं जमलेल्या कामाची. एक उदाहरण सविस्तर, चारही उत्तरांसह, दुसरं थोडक्यात. सविस्तर उदाहरण समोरच्या लोकांसारख्या लोकांचं असावं. विद्यार्थ्यांना राष्ट्रांच्या परिषदेची गोष्ट सांगण्यापेक्षा विद्यार्थ्यांनीच केलेल्या कामाची सांगा.

चार मिनिटं मागणीची. काय करायचं, पहिली पायरी कुठली, अडचण कुठे येईल, ती आली तर काय करायचं. अडचणीबद्दल आधी बोलल्याने लोक मागे हटतात असं वाटतं, पण आधी कळलेल्या अडचणीपेक्षा अचानक आलेली अडचण माणसाला लवकर थांबवते.

शेवटची दोन मिनिटं कागद फिरवायला. त्याबद्दल टप्पा ७ मध्ये.

बघा, संकटाला चार मिनिटं आहेत आणि उपायांना अकरा. सराव करताना घड्याळ लावा. संकटाचा भाग हमखास फुगतो, कारण त्याची माहिती सहज मिळते.

## टप्पा ५: वाक्यं तपासा

आता लिहिलेलं मोठ्याने वाचा. पुढचा उतारा पाहा, अशी वाक्यं नेहमी ऐकू येतात:

"लोकांना काहीच पडलेलं नाही. सगळे एसी लावून बसतात, गाड्या उडवतात. असंच चालू राहिलं तर आपल्या मुलांना भविष्यच नाही. आता तरी जागे व्हा!"

यात चार चुका एका दमात झाल्या आहेत. सगळ्यात महागात पडते ती पहिली, "लोकांना पडलेलं नाही." कुणीच काही करत नाही असं सांगणं म्हणजे न करणं हीच रीत आहे असं शिकवणं. अमेरिकेतल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात अश्मीभूत लाकडाच्या चोरीवर एक प्रयोग झाला होता. आधीच्या अनेक पर्यटकांनी लाकूड नेल्यामुळे उद्यानाचं रूप बदललं, अशी पाटी लावल्यावर चोरी कमी झाली नाही, वाढली.

शिवाय ते वाक्य चुकीचंही आहे. १२५ देशांतल्या सुमारे १ लाख ३० हजार लोकांच्या पाहणीत (प्रसिद्धी २०२४) ८९ टक्क्यांनी आपल्या सरकारने हवामानासाठी जास्त काम करावं असं म्हटलं. ६९ टक्के जण महिन्याच्या उत्पन्नातला एक टक्का द्यायला तयार होते, पण इतर किती जण देतील असं विचारल्यावर लोकांचा अंदाज सरासरी ४३ टक्क्यांवर थांबला. म्हणजे खोलीतल्या बऱ्याच जणांना आपण एकटेच आहोत असं वाटतं, आणि ते खरं नसतं. हे आकडे भाषणात जरूर सांगा.

बाकीच्या चुका थोडक्यात: "एसी लावून बसतात" हे समोरच्यावर बोट आहे. "भविष्यच नाही" हा निकाल आहे, त्यात करण्यासारखं काही उरत नाही. "जागे व्हा" ही मागणी नाही. तोच मजकूर असा लिहिता येईल:

"काळजी आपल्यापैकी बहुतेकांना आहे, फक्त आपण ती एकमेकांशी बोलत नाही. या इमारतीत उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरची घरं तापतात आणि सगळ्यांचा एसी जास्त चालतो. गच्चीला उष्णता परतवणारा पांढरा थर दिला तर छत कमी तापतं, घरातला उकाडा उतरतो आणि वीज वाचते. पुढच्या सभेत हा विषय घ्यायचा आहे. त्यासाठी चौघांच्या सह्या लागतील."

तपासा: भाषणात "आपण" आणि "तुम्ही" मोजा. दोषाच्या वाक्यात "तुम्ही" आणि श्रेयाच्या वाक्यात "आपण" येत असेल तर उलटं करा.

चित्रांचंही हेच. उपाशी अस्वलाचा फोटो आणि भेगाळलेली जमीन सगळ्यांनी पाहिली आहे. काम करणाऱ्या माणसांचे, हात आणि चेहरे दिसणारे फोटो निवडा.

## टप्पा ६: चार प्रश्नांची उत्तरं तयार ठेवा

"आपण एकट्याने करून काय होणार?" प्रश्न रास्त आहे, तसं म्हणा. मग सांगा की मागणी एकट्याने करायची नाहीच. सोयी, धोरणं आणि तंत्रज्ञान यांची जोड मिळाली तर लोकांच्या वापरात, म्हणजे प्रवास, घर, अन्न यांत, केलेले बदल २०५० पर्यंत संबंधित क्षेत्रांतलं उत्सर्जन ४० ते ७० टक्क्यांनी घटवू शकतात, असं आयपीसीसी म्हणते. यातला "जोड मिळाली तर" हा भाग वगळू नका, वगळला तर सगळा भार सामान्य माणसाच्या डोक्यावर टाकल्यासारखं होतं.

"श्रीमंत देशांनी केलं, आम्ही का भोगायचं?" वाद घालू नका. देशांची ऐतिहासिक जबाबदारी सारखी नाही, हे १९९२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान करारातच मान्य केलेलं आहे. मग विचारा: आपल्या मागणीतून आपल्याला काय मिळतंय? कमी तापणारं घर, कमी धूर, कमी बिल. ते मिळवायला दुसऱ्या कुणासाठी थांबायला नको.

"हवामान तर नेहमीच बदलत आलंय." एकदाच, शांतपणे, दोन वाक्यांत: आधीही बदललं, पण आताच्या बदलाचं कारण आणि वेग वेगळा आहे आणि कारण मोजलेलं आहे. मग पुढे जा. एका माणसाला पटवण्यात दहा मिनिटं गेली तर बाकीच्या तीस जणांची वेळ तुम्ही त्याला दिलीत.

"तंत्रज्ञान सगळं सोडवेल ना?" बरंचसं तंत्रज्ञान आजच उपलब्ध आहे, ते बसवायला निर्णय लागतात. म्हणून ही मागणी.

उत्तर येत नसेल तर "बघून सांगतो" म्हणा, नाव लिहून घ्या आणि खरंच सांगा.

## टप्पा ७: कागद आणि पाठपुरावा

"इच्छुकांनी नंतर भेटा" म्हटलं की कुणी भेटत नाही. लोक बसलेले असतानाच कागद फिरवा. त्यावर चार रकाने असू द्या: नाव, मी काय करीन, कधी, कुणासोबत. "कधी" आणि "कुणासोबत" हे रकाने सक्तीचे. अमुक वेळी, अमुक ठिकाणी, अमुक करीन असं आधी ठरवणारे लोक नुसता हेतू बोलून दाखवणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा काम पार पाडतात, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर आणि त्यांच्यामागून आलेल्या अनेकांच्या संशोधनात दिसलं आहे.

पहिलं नाव आधीच लिहिलेलं असावं. टप्पा २ मध्ये ज्यांच्याशी बोललात त्यांच्यापैकी एकाला तशी विनंती करून ठेवा. कोऱ्या कागदावर पहिलं नाव लिहायला सगळेच बिचकतात.

सावधान: फोन नंबर फिरत्या कागदावर घेऊ नका, सगळ्यांना दिसतो. तो वेगळा, विचारून घ्या.

दोन दिवसांत प्रत्येकाला त्याने स्वतः लिहिलेलं वाक्य पाठवा, बाकी काही नको. दोन आठवड्यांनी सगळ्यांना मिळून एक संदेश: किती जणांनी काय केलं, कुठे अडलं, पुढचं काय. झालेलं काम आधी, नावानिशी (ज्याची हरकत नाही त्याचंच), आणि अडलेलं त्यानंतर. ठराव फेटाळला गेला असेल तर तेही लिहा, कुणी कुठलं कारण दिलं ते लिहा, आणि त्याच संदेशात पुढच्या सभेची तारीख आणि त्याआधी कुणाला भेटायचं आहे ते द्या.